बत्तीस घरं

चिपमध्ये चारच गळे आहेत.
पहिले दोन चौकोनी. अर्धा वेळ उघडे, अर्धा वेळ मिटलेले
ठेवले तर पुंगीसारखे पोकळ,
आठवा हिस्साच उघडला तर
कानाशी चिलट.
चौथ्याला सूर नाही, तो नुसता खरखरतो,
आणि त्याचा फेरा आखूड केला की
पत्र्यावर खिळे ओतल्यासारखा वाजतो.
तो मला पहिल्याच रात्री जमला.
वडगावात वाढलेल्याला खडखड शिकावी लागत नाही.

अडलं ते तिसऱ्यावर.

तिसऱ्याला आकार आपण द्यायचा.
बत्तीस घरं आडवी, सोळा पायऱ्या उभ्या,
शून्यापासून पंधरापर्यंत.
घरागणिक एक आकडा. एवढंच.
मग चिप तीच ओळ फिरवत राहते
सेकंदाला दोनशे वीस वेळा, चारशे चाळीस वेळा,
जसा सूर मागाल तशी.

निपाणीच्या अल्ताफनं खेळ लिहिलाय,
पाडव्याला गवळी म्हशी पळवतात त्याचा.
पुढं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल,
मागं शिंगं रंगवलेली म्हैस.
मोटारसायकल चौथ्या गळ्यात बसली.
म्हैस जिंकली की त्याला सनई हवी,
आठ सूर, जास्त नाही.
अकरा दिवस मी आकडे बदलतेय
आणि सनईच्या जागी
दाढीचं मशीन.

आलेखाचा कागद संपला
म्हणून मल्लेशप्पांकडे गेले.
साड्यांच्या काठाची कार्डं मारण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली,
एक भोक म्हणजे एक दोरा वर.
आता काठ सुरतेहून फाइलमध्ये येतो,
पंचिंगच्या मशीनवर कांद्याची टोपली असते.
कानही मागांनीच नेले. बोलायचं तर
आधी खांद्याला हात लावायचा,
मग ओठ दिसतील असं उभं राहायचं.

माझा शेवटचा कागद त्यांनी उलटा धरला, मग सुलटा.
"काठ हाय?"
मी मान हलवली, हो की नाही ते मलाच कळलं नाही.
त्यांनी पेन्सिलीला थुंकी लावली.
"हे बघ. पंधरावरनं एकदम शून्यावर?
दोरा लोंबणार इथं. बांगडीत अडकणार.
नेसणारी शिव्या आपल्याला देती,
दुकानदाराला नव्हं."
आणि उडी मोडली: पंधरा, तेरा, नऊ, सहा.
मग डावीकडून उजवीकडे, अगदी टोकाला.
"शेवटचं घर पहिल्याला वळखत न्हाई गं तुझं."
तिथंही दोन आकडे.
मधला एक खड्डा मीच पुसायला निघाले
तर हात धरला.
"ऱ्हाऊ दे. लई सपाट काठ
कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई."
मग "साकु" म्हणाले, आणि पेन्सिल कानामागे.

घरी जाईपर्यंत धीर नव्हता.
त्यांच्याच ओट्यावर लॅपटॉप उघडला,
बत्तीस आकडे भरले,
कार्ट्रिज सरकवलं, बटण वर.

सनई नव्हती ती.
सनईच्या घरातलं शेंडेफळ म्हणा,
पडसं झालेलं, नाकात बोलणारं,
पण म्हैस तिच्यावर मान डोलवील
इतपत नक्की.

मल्लेशप्पांना अर्थातच काही ऐकू आलं नाही.
त्यांनी स्पीकरच्या जाळीवर अंगठा ठेवला.
नवीन कार्ड चढवल्यावर
मागाच्या चौकटीवर ठेवत असतील, तसा.
आठ सूर गेले. परत आठ.
शेजारचा पॉवरलूम दोरा तुटून थांबला,
कुणीतरी शिवी घातली, पुन्हा सुरू झाला.
अंगठा तिथंच.

"किती वार विणायचंय?"

आत चार सेल आहेत, मी म्हटलं,
ओठ दिसतील असं.
ते उतरेपर्यंत.